दान आणि त्याची राखण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. व्यासपीठावरून बोलण्याचा अधिकार विद्वानांचा, अथवा ज्यांच्या हातून काही मोठे कार्य घडले आहे अशांचा. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारी हयात गेली ती मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात. परंतु चिटणिसांनी विषय सांगितला आणि आमचा नकार आमच्याच घशात अडकला. विषय होता, घराण्याच्या हातून घडलेले दान पुढील पिढ्यांपर्यंत टिकते कसे. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार थोडासा निराळा आहे. दान टिकत नाही कसे, हे आम्ही आमच्याच घरी पाहिले आहे, आणि तो दोष सर्वस्वी आमचा आहे. तेव्हा उपदेश म्हणून नव्हे, तर कबुली म्हणून हे शब्द आपण ऐकून घ्यावेत, एवढी विनंती आहे.

आमच्या आजोबांनी गावच्या आठवडेबाजाराच्या कडेला, पिंपळाच्या पाराजवळ, एक पाणपोई घातली होती. थाटमाट काही नव्हता. दगडी ओट्यावर दोन मोठे रांजण, वर लाकडी झाकण, आणि पाणी वाढायला लांब दांड्याचे ओगराळे. गुढीपाडव्याला पाणपोई सुरू होई आणि मृगाचा पाऊस पडला की रांजण पालथे घातले जात. विहिरीचे पाणी ओढून आणण्यासाठी एक वृद्ध बाई ठेवलेली असे आणि तिला वर्षाचे धान्य आमच्या घरून जाई. या खर्चासाठी आजोबांनी ओढ्याकाठचा एक तुकडा मनाशी ठरवून ठेवला होता. त्याचे उत्पन्न पाणपोईचे, असा घरातला रिवाज. कागद मात्र कोठेही केलेला नव्हता. त्यांच्यामागे वडिलांनी तो रिवाज तसाच चालविला. गावातील लोकांनी पुढे ओट्यावर आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसविली.

वडील निवर्तले आणि आम्हा तिघा भावांत वाटणी झाली. वाटणी सलोख्याने झाली, हे सांगावयास हरकत नाही. शेताचे तुकडे मोजले, घराच्या खोल्या ठरल्या, भांडीकुंडी, पाटा-वरवंटा, फार काय, जात्याचाही उल्लेख वाटणीपत्रात आला. ओढ्याकाठचा तुकडा धाकट्याच्या वाट्यास गेला. आणि पाणपोई कोणाच्याच वाट्यास आली नाही. कोणी ती नाकारली असेही नाही. तिचे नावच कोणाच्या तोंडून निघाले नाही. त्या उन्हाळ्यात रांजण भरले गेले नाहीत. पुढच्या वर्षी एक रांजण फुटला. तिसऱ्या वर्षी त्या ओट्यावर बाजाराच्या दिवशी कांद्याची पोती ठेवू लागले.

पुढे कित्येक वर्षांनी आम्ही सुट्टीत गावी गेलो असता बाजारातून चाललो होतो. बांगड्यांची पाटी घेऊन बसलेल्या एका म्हातारीने आम्हांस ओळखले आणि विचारले, “गुरुजी, ही पाणपोई तुमच्याच आजोबांची न्हवं? पाटी हाय, पानी न्हाई.” तिच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. तिने पाहिले ते सांगितले. परंतु शाळेत अडतीस वर्षे मुलांच्या चुका लाल शाईने दाखविणाऱ्या आम्हांस त्या दिवशी कोणी प्रथमच आमची चूक दाखविली.

बंधुभगिनींनो, आजच्या विषयात आम्हांस जे सांगावयाचे आहे ते त्या बाईने चार शब्दांत सांगून टाकले आहे. दान करणे हे एका दिवसाचे काम आहे. त्याची राखण करणे हे पिढ्यांचे काम आहे. घराण्याचा वारसा या दुसऱ्या कामात असतो.

आता थोरांची उदाहरणे पाहू. ती मोठ्या रकमांची आहेत म्हणून नव्हे, तर त्यांतून आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांस काही शिकता येते म्हणून.

मुंबईतील विद्यापीठाचा राजाबाई मनोरा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपये देऊ केले. मनोऱ्यास आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे, एवढी त्यांची इच्छा. त्या काळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहर सट्ट्याने वेडे झाले होते. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि प्रेमचंदांचे अफाट वैभव त्या लाटेत वाहून गेले. मनोरा १८७८ साली पुरा झाला आणि तो आजही उभा आहे. त्यांच्या पेढीवर राहिलेले गेले आणि विद्यार्थ्यांना दिलेले राहिले. आपल्या घरी पैसा असतो तेव्हा तो जाईल असे कोणासच वाटत नाही. त्या वेळी जे दिले असेल तेवढेच आपले म्हणता येते, हा या गोष्टीचा बोध आहे.

दुसरे उदाहरण नाना शंकरशेट यांच्या घराण्याचे. नानांच्या वडिलांनी मुंबईत भवानी-शंकराचे देऊळ बांधले. नानांनी ते देऊळ मोडले नाही आणि तसलेच दुसरे बांधण्याचा हट्टही धरला नाही. काळाची गरज ओळखून १८४९ साली आपल्या गिरगावातील वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. मुलींना अक्षर शिकविणे हेच पाप समजले जात होते, त्या काळातील ही गोष्ट आहे. १८६५ साली नाना वारले. त्यानंतर त्यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती मिळू लागली. ‘शंकरशेट स्कॉलर’ हे शब्द जुन्या घरांत केवढ्या अभिमानाने उच्चारले जात, ते वडीलधाऱ्यांस आठवत असेल. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे १९१२ सालचे शंकरशेट स्कॉलर. म्हणजे वडिलांचे देऊळ, मुलाची शाळा आणि त्याच्यामागे शिष्यवृत्ती. दान तेच, परंतु प्रत्येक पिढीने आपल्या काळाला काय हवे ते पाहून त्याचे रूप बदलले. वाडवडिलांनी केले तेवढेच करणे याला परंपरा म्हणत नाहीत. त्यांनी ज्या बुद्धीने केले, त्या बुद्धीने आपल्या काळात करणे ही परंपरा होय.

तिसरे उदाहरण एका स्त्रीचे आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि लोकांस होडीतून जीव मुठीत धरून जावे लागे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी दीड लक्षाहून अधिक रुपये आपल्याकडून देऊन तेथे रस्ता बांधविला. तो १८४५ साली खुला झाला. पैसे देताना त्यांनी एक अट घातली, की या रस्त्याने जाणाऱ्यांकडून कर घेतला जाऊ नये. अटींचे दोन प्रकार असतात. एक दाराला कडी लावणारी अट आणि दुसरी दार कायमचे उघडे ठेवणारी अट. आवाबाईंची अट दुसऱ्या प्रकारची होती.

कोणी म्हणेल, गुरुजी, ही सारी लक्षाधीशांची कथा झाली. आमच्यापाशी लाख नाहीत. तर मग महर्षी कर्व्यांच्या कार्याकडे पाहू. अनाथ बालिकाश्रम १८९६ साली निघाला. पुढे शहरात प्लेगने कहर केला आणि आश्रमाला शहराबाहेर जागेची निकड भासू लागली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील आपली सहा एकर जागा आणि इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले. त्या पैशांत १९०० साली तेथे एक साधी झोपडी उभी राहिली. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयातील शिकवणी संपवून रोज पुण्याहून हिंगण्यापर्यंत पायी जात. साडेसातशे रुपयांच्या त्या झोपडीतून विधवांच्या शिक्षणाची केवढी मोठी संस्था उभी राहिली, हे आपण जाणताच. पुढे कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. पंधरा लक्ष आले, परंतु ते वीस वर्षांनी आले. आधी सहा एकर आणि साडेसातशे रुपये आले होते म्हणून त्यांना यावयास जागा होती.

आणि ज्यांच्यापाशी सहा एकरही नव्हते, त्यांचे काय? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका पंक्तीस बसत. एकदा त्या मुलांच्या जेवणासाठी घरात पैसा उरला नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने आणि अखेर मंगळसूत्रही काढून दिले. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. त्यांनी स्वतःच्या नावाची पाटी कोठे लावून घेतली नव्हती. तरी रयतच्या शाळेत शिकलेल्या घरांतून ही गोष्ट आजही आजी नातवंडांना सांगते. संगमरवरी पाटीपेक्षा ही पाटी अधिक टिकाऊ होय.

याहूनही लहान दानाचे उदाहरण पाहिजे असेल, तर अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचे घ्या. वर्षाकाठी माणशी एक पैसा, एवढीच त्यांची मागणी. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला. थेंबाथेंबाने तळे साचते, असे आम्ही मुलांकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेत असू. पैसा फंड हे त्याचे प्रत्यक्ष प्रमाण आहे.

शेवटचे उदाहरण पुण्याचे. डॉ. दिनकर केळकर यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. दुःख पचविण्याचे मार्ग ज्याचे त्याने शोधावयाचे असतात. केळकरांनी आणि त्यांच्या पत्नींनी गावोगाव हिंडून जुनी भांडी, अडकित्ते, दिवे, वाद्ये, दरवाजे अशा हजारो वस्तू जमविल्या आणि त्या संग्रहास आपल्या मुलाचे नाव दिले. १९७५ साली त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या मुलाला स्वतःची हयात मिळाली नाही, त्याचे नाव आज हजारो माणसांच्या ओठी आहे. संग्रह स्वतःच्या घरी कुलूपबंद राहिला असता, तर हे घडले नसते.

आता या उदाहरणांवरून आपण आपल्या घराकडे वळू. येथे आम्ही आमच्या पेशातील एक अनुभव सांगतो, कारण त्यात गणित आहे आणि गणितावाचून आम्हांस चैन पडत नाही.

आम्ही ज्या शाळेत नोकरी केली, तेथे बक्षिसांची एक जुनी नोंदवही होती. तीत १९६२ सालची एक नोंद होती. एका गृहस्थांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ पाचशे एक रुपये ठेव म्हणून दिले होते आणि तिच्या व्याजातून अंकगणितात पहिल्या येणाऱ्या मुलीस दरसाल बक्षीस द्यावे असे लिहून ठेवले होते. प्रारंभी वर्षाला वीस रुपये व्याज येई. तेवढ्यात त्या मुलीची पुढल्या इयत्तेची पुस्तके आणि वह्या येत. गरीब घरच्या मुलीचे वर्ष त्याने निभावून जाई. २०१६ साली आम्ही सेवानिवृत्त झालो, त्या वर्षी त्याच ठेवीचे व्याज पस्तीस रुपये आले होते. आम्ही त्या मुलीच्या हाती एक पेन दिले. टाळ्या झाल्या. मुलीने नमस्कार केला. आणि आम्हांस त्या कधी न पाहिलेल्या गृहस्थांची लाज वाटली. त्यांनी पेन देण्यासाठी पैसे ठेवले नव्हते. एका मुलीची शाळा सुटू नये म्हणून ठेवले होते.

हे का घडले, ते पाहा. महागाई वर्षाला शेकडा सहाने वाढते असे धरले, तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. चोवीस वर्षांत पाव, छत्तीस वर्षांत दोन आणे, आणि साठ वर्षांत बत्तिसावा हिस्सा. पाचशे एक रुपये वहीत पाचशे एकच दिसतात, पण त्यांचे बळ सोळा रुपयांचे उरते. कोणी अफरातफर केली नाही. कोणी पैसा खाल्ला नाही. सर्व व्याज प्रामाणिकपणे वाटले गेले, आणि तेवढ्यानेच दान मेले. जी ठेव अमर राहील असे दात्यास वाटत होते, तिला दर पिढीस नवे पाणी घालावे लागते, हे त्यास कोणी सांगितले नाही आणि त्याच्या मुलाबाळांसही कोणी सांगितले नाही.

एके दिवशी त्याच गृहस्थांचे नातू आपल्या मुलीचे नाव घालण्यासाठी शाळेत आले. आडनावावरून आम्ही चौकशी केली. त्यांना या बक्षिसाची गंधवार्ताही नव्हती. आम्ही ती नोंदवही काढून पणजीचे नाव दाखविले. ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत उभे राहिले. दोन दिवसांनी ते परत आले आणि त्यांनी ठेवीत आपल्याकडून भर घातली. दाता कंजूष नव्हता आणि नातूही कृतघ्न नव्हता. दोघांच्यामध्ये एक वही होती आणि ती कोणी उघडली नव्हती, एवढाच काय तो दोष.

ज्ञातिबांधवहो, हीच स्थिती आपल्या मंडळाची आहे, हे येथे स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आपल्या मंडळापाशी नावनिशीच्या कितीतरी ठेवी आहेत. त्यांची यादी दरवर्षी स्मरणिकेच्या शेवटी छापली जाते. ती यादी आपण श्रद्धेने वाचतो, आपल्या वडिलांचे नाव सापडले की पान मिटतो. त्या ठेवीच्या व्याजात आज एखाद्या मुलाचे महिन्याचे जेवण तरी निघते का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? मंडळाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे, हिशेब दरसाल तपासले जातात, त्यांत खोट नाही. परंतु हिशेब चोख असणे आणि दान जिवंत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यासाठी आम्ही तीन सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली सूचना. ज्यांच्या घरच्या नावाची ठेव आहे, त्यांनी त्या व्यक्तीच्या पुण्यतिथीस, अगर घरातील एखाद्या मंगल कार्याच्या दिवशी, त्या ठेवीत यथाशक्ति भर घालावी. शंभर घाला, अकराशे घाला. आणि मंडळाने ठराव करून व्याजाचा चौथा हिस्सा दरसाल मुद्दलात मिळवीत जावा. झाडाची सर्व फळे खाऊन टाकली तर नवे रोप कशाचे लावणार?

दुसरी सूचना. प्रत्येक ठेवीची राखण घरातील एका तरुण व्यक्तीकडे नावानिशी सोपवावी. मुलगाच पाहिजे असे नाही, मुलगी अगर सूनही चालेल. किंबहुना आमच्या अनुभवाने ती अधिक चालेल. शिष्यवृत्ती आजोबांच्या नावाची असेल तर ती विद्यार्थ्याच्या हाती नातवंडाने द्यावी. देणाऱ्या मुलाने घेणाऱ्या मुलाचे तोंड एकदा पाहिले, की ते दान त्याच्या विसरण्यात जात नाही. तसेच जे काही ठरेल ते कागदावर लिहून ठेवावे. आमच्या आजोबांनी ओढ्याकाठच्या तुकड्याचा कागद केला असता, तर वाटणीच्या दिवशी आम्हांस विसर पडावयास सवडच मिळाली नसती.

तिसरी सूचना काहींस रुचणार नाही, हे जाणून ती आम्ही शेवटी ठेवली आहे. आपल्या शिष्यवृत्त्यांपैकी निदान एक दरसाल या गावातील कोणत्याही गरजू विद्यार्थ्यासाठी असावी. त्याची जात विचारू नये.

आम्हांस ठाऊक आहे, की लगेच प्रश्न येईल, आपल्याच मुलांस पुरत नाही, तर बाहेरच्यांस कोठून द्यावे? प्रश्न रास्त आहे. ज्ञातीच्या माणसांनी ज्ञातीतील मुलांस प्रथम आधार द्यावा, यात गैर काही नाही. कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ सालापासून निरनिराळ्या जातींच्या वसतिगृहांस जागा व साहाय्य दिले आणि त्यांतून बहुजनसमाजातील मुले प्रथमच शिकून वर आली. ज्या घरांत पूर्वी कोणी शिकले नव्हते, तेथील मुलास आपल्या माणसांचे छप्पर प्रथम हवे असते, हे महाराजांनी ओळखले होते. परंतु ती वसतिगृहे वर चढण्याची शिडी होती. शिडीवरच बिऱ्हाड करून राहावे, असा त्यांचा हेतू नव्हता. कर्मवीरांनी पुढे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली, ती याच शिडीची वरची पायरी होय.

आणखी एक गोष्ट आम्ही आजवर चारचौघांत कधी सांगितली नाही, ती आज सांगतो. १९७४ साली आम्ही मॅट्रिकच्या परीक्षेस बसलो. त्या वर्षी घरची परिस्थिती अशी होती, की परीक्षेची फी भरणे अशक्य होते. वडिलांनी शाळा सोडून दुकानात कामाला लागण्यास सांगितले होते. आमच्या मुख्याध्यापकांनी शाळेतील एका जुन्या फंडातून आमची फी भरली आणि पुस्तकेही दिली. तो फंड आपल्या ज्ञातीतील कोणाचा नव्हता. फार वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या, निराळ्या समाजातील एका व्यापाऱ्याने तो ठेवला होता आणि त्याची अट अवघ्या एका ओळीची होती, या शाळेतील कोणीही गरजू विद्यार्थी. त्या ‘कोणीही’ या एका शब्दात आम्ही मावलो. त्या सद्गृहस्थांनी तेथे आपल्या जातीचे नाव घातले असते, तर त्यांस कोणी दोष दिला नसता. मात्र आज आपणांसमोर हे गुरुजी उभे राहिले नसते, आणि अडतीस वर्षे ज्या मुलांना आम्ही शिकविले, त्यांत आपल्या ज्ञातीचीही पुष्कळ मुले होती, त्यांस दुसरा कोणी तरी शिकवीत असता. बाहेरच्याला दिलेले कोणत्या वाटेने घरी परत येते, ते देणाऱ्यास दिसत नाही. पण ते येते.

आता पाणपोईचे पुढे काय झाले, ते सांगून आम्ही हे भाषण आवरतो. त्या बाजाराच्या दिवसानंतर आम्ही तिघे भाऊ एकत्र बसलो. कोणी कोणास बोल लावला नाही. धाकट्याने ओढ्याकाठच्या तुकड्याचे ठरावीक उत्पन्न पाणपोईसाठी लिहून दिले. रांजणांचे दिवस गेले, तेव्हा आम्ही त्याच ओट्यावर पाणी शुद्ध करणारे यंत्र, टाकी आणि चार नळ बसविले. शहरात गेलेले पुतणे पैसे पाठवितात. पैशाची अडचण मुळी नव्हतीच, हे तेव्हा आम्हांस कळले. अडचण होती ती टाकी कोण धुणार, ही. आता पाळ्या लावल्या आहेत. सुट्टीत नातवंडे येतात, तीही हाताला ब्रश घेऊन टाकीत उतरतात. हिशेबाची वही आमची थोरली नात लिहिते. तिचे अक्षर आमच्यापेक्षा बरे आहे, आणि बेरजेत ती आमची चूक काढते, याचा आम्हांस कोण आनंद होतो!

गेल्या उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी आम्ही ओट्याजवळ उभे होतो. बांगड्यांवाली म्हातारी आता हयात नाही. तिची सून त्याच जागी बसते. तिने नळाखाली ओंजळ धरली, पाणी प्यायली, तोंडावर मारले आणि आपल्या पाटीपाशी जाऊन बसली. तिने पाटीवरील आजोबांचे नाव वाचले नाही. वाचण्याचे तिला कारणही नव्हते. आम्हांस वाटले, आजोबांना हेच हवे असले पाहिजे.

ज्यांच्या घरी अशी एखादी विसरलेली पाटी असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर तिच्याखाली पाणी आहे की नाही, एवढे पाहावे. ज्यांच्या घरी नसेल, त्यांनी लहानशी का होईना, पण नवी पाणपोई घालावी आणि तिचे नाव वाटणीपत्रात सर्वांच्या वर लिहावे.

 मंडळाच्या हातून दानाची ही राखण उत्तरोत्तर अधिक होवो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.